भंगाराचा ठेका : जुबानी नको, कागदावर हवा

ठाण्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. तिथून काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत गोदामेच गोदामे आणि पुढे भिवंडीच्या यंत्रमागांच्या शेड. गोदामाचा भाडेकरू बदलतो किंवा जुने शटलचे माग मोडून वजनावर विकले जातात, तेव्हा जागा रिकामी करणारा ठेकेदार बोलावला जातो. मजूर, टेम्पो, गॅस कटर सर्व त्याचे. आपल्या वाचकांत असे ठेकेदार आहेत आणि मालकही आहेत. मात्र सौदा बहुतेक वेळा तोंडीच होतो.

तोंडी करार बेकायदा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने तो चालतो. अडचण पुराव्याची आहे. काम संपले, माल गेला, मग काय ठरले होते हे सिद्ध कसे करणार?

ठेका एक, सौदे दोन

या धंद्यात भांडणाचे मूळ एकच आहे. जागा साफ करणे ही मजुरी आणि निघालेले भंगार ही विक्री. आपण दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळतो. समजा, मजुरी ४०,००० रुपये आणि भंगाराची किंमत १ लाख ठरली. म्हणजे ठेकेदाराने मालकाला ६०,००० द्यायचे. कागदावर नुसते ६०,००० लिहिले आणि लोखंड कमी निघाले, तर तोटा कोणाचा? म्हणून दोन्ही रकमा वेगळ्या लिहाव्यात. भंगाराचा दर किलोवर की उक्ता, वजन कोणत्या काट्यावर, काट्याची पावती कोणाकडे, हेही लिहावे. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर भंगाराचे बिल त्याने द्यावे.

माल कोणाचा?

भिवंडीत अनेक माग मजुरीवर चालतात. सूत व्यापाऱ्याचे असते, विणलेले कापडही त्याचेच. शेड रिकामी करताना कोपऱ्यातले सुताचे बोचके भंगारात गेले, तर शेडवाला आणि ठेकेदार दोघेही अडकतात. जो मालाचा मालक नाही, त्याच्याकडून घेणाऱ्यालाही साधारणपणे मालकी मिळत नाही. मागांवर बँकेचे कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी. मालकाने ‘हे न्यायचे’ आणि ‘हे राहायचे’ अशा दोन याद्या कराव्यात, फोटो काढावेत आणि दोघांनी सही करावी.

आणखी चार कलमे

१. मुदत : सुरुवात, शेवट आणि किल्ली परत देण्याची तारीख. उशिराचा दंड लिहिला तरी कोर्ट त्या रकमेच्या आत वाजवी भरपाईच देते. म्हणून अवाच्या सवा आकडा टाकून उपयोग नाही.

२. वीज आणि इजा : भिवंडीत वीजवितरण २००७ पासून टोरंट पॉवरकडे आहे. कटर लावण्याआधी पुरवठा बंद करून घेण्याची जबाबदारी कोणाची आणि मजुराला इजा झाल्यास खर्च कोणाचा, हे ठरवावे.

३. कचरा : भंगार विकले जाते, उरलेला राडारोडा खाडीकाठी जातो. तिवरांच्या नाशाला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर बंदी केली आहे. तेव्हा राडारोडा टाकण्याची जागा कागदावर हवी.

४. पैसे : इसार किती, बाकी कधी. ठेकेदाराने मजुरीच्या दाव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवावी.

मुद्रांक

महाराष्ट्रात अशा साध्या करारासाठी ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मुद्रांकाशिवायचा करार रद्द होत नाही. पण शुल्क आणि दंड भरल्याखेरीज तो कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. मोठे काम असेल तर वकिलाला दाखवावे.

काही जण म्हणतात, ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर शंका घेणे. कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीचा व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका असे सांगते. सवलत आहे ती हातोहात सौद्याला. आठ-पंधरा दिवस चालणारा ठेका हातोहात सौदा नव्हे. कागदाने ठेकेदाराची मजुरी वाचते, मालकाचा माल वाचतो आणि दोघांची ओळखही टिकते.