अर्धा सेकंद, चार ठिपके

विंडोजच्या पोटात एक आकडा बसलेला असतो : 500. माऊसचं बटण एकदा दाबल्यावर ते पुन्हा दाबायला माणसाला मिळणारा हा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. म्हणजे अर्धा सेकंद. त्याच्या शेजारी दुसरा आकडा, 4. दोन्ही वेळा बाण पडद्यावरच्या साधारण चार ठिपक्यांच्या चौकोनात राहिला पाहिजे. दोन्ही अटी पाळल्या, तर ‘डबल क्लिक’ झालं आणि फोल्डर उघडलं. फोल्डरच्या नावावर दुसरी टिचकी उशिरा पडली, तर संगणकाला वाटतं तुम्हाला नाव बदलायचंय, आणि नावाभोवती चौकट उभी राहते. बटण दाबलेलं असताना हात हलला, तर त्याला वाटतं तुम्ही वस्तू उचलून नेताय. मग फोल्डर सरपटत पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतं.

हे आकडे मला सांगितले ते शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या एका संगणक वर्गाच्या बाईंनी. संपादकांनी पाठवलं होतं वेगळ्याच कामासाठी. कट्ट्यावर बसणारे ज्येष्ठ नागरिक आता बँकेचे व्यवहार घरबसल्या करतात म्हणे, त्यावर काहीतरी प्रसन्न लिहून आणा, असा हुकूम होता. प्रसन्न मजकूर मिळालाही असता. पण वर्गात शिरल्यावर पहिल्याच रांगेत एक गृहस्थ फोल्डरशी झगडताना दिसले. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. टिचकी मारायचे, फोल्डर पळायचं; ते त्याला शांतपणे जागेवर आणायचे आणि पुन्हा मारायचे. चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त एवढ्याशा वस्तूने आपलं ऐकू नये याचं आश्चर्य होतं. मी तिथेच खुर्ची ओढली.

या वर्गाचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. 2001 साली राज्य सरकारच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. विवेक सावंत त्याचे व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या खासगी केंद्रांतून शिकवला जाऊ लागला आणि परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेऊ लागलं. सरकारी नोकरी आणि वेतनवाढ या प्रमाणपत्राशी बांधली गेल्यावर तालुक्याच्या बाजारपेठेतही त्याच्या पाट्या लागल्या. आजवर एक कोटीहून अधिक लोक यातून गेल्याचं सांगितलं जातं. त्या धबडग्यात एक सवलतही होती : पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना सूट. वर्गातले काही जण त्या सवलतीतून सुटले आणि आज सत्तरीत स्वतःच्या खर्चाने तोच धडा गिरवतायत. सुटल्याचा आनंद तेव्हा केवढा झाला होता, हे त्यांनीच हसत सांगितलं.

बाईंना सगळे ‘मॅडम’ म्हणतात, अगदी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. मॅडमची सुरुवात दादरच्या एका टायपिंग क्लासमधली. गोदरेजच्या आणि रेमिंग्टनच्या मशीनवर त्यांनी मुलामुलींना मराठी तीस, इंग्रजी चाळीस असे वेग गाठून दिले. पुढे टायपिंगची सरकारी परीक्षाच संगणकावर गेली आणि मशीन भंगारात गेली. बोटांकडे बघायची सवय मात्र राहिली. कुणी वर्गात पहिल्यांदा माऊस धरला की त्या पडद्याकडे बघतच नाहीत, मनगटाकडे बघतात.

“जुना टायपिस्ट मला लगेच ओळखू येतो,” त्या म्हणाल्या. “बटण असं दाबतो, जणू खाली चार कार्बन कॉप्या आहेत. जोर लावला की अख्खा माऊस पुढे सरकतो. मग कसलं डबल क्लिक?”

त्यांचा उपाय साधा आहे. मनगट टेबलावर टेकवायचं, अंगठा आणि करंगळीने माऊस दोन्ही बाजूंनी धरायचा, तळवा सैल. फक्त तर्जनी हलेल. “शेजारच्यांच्या दारावर टकटक करता ना काका, दार तोडत नाही ना? तेवढंच.” हे वाक्य त्या सकाळभरात किती वेळा म्हणतात, त्यांनाही सांगता येणार नाही.

पण त्यांची खरी करामत दिसत नाही. वर्ग भरायच्या आधी त्या प्रत्येक मशीनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जातात. माऊसच्या खिडकीत एक पट्टी असते, तिच्यावरचा खटका एका टोकाला नेला की अर्ध्या सेकंदाची मुदत जवळपास दुप्पट होते, 900 पर्यंत. शेजारी फोल्डरचं एक छोटं चित्र असतं. वेग जमला की ते उघडतं-मिटतं. नव्या विद्यार्थ्याचा खटका पहिल्या आठवड्यात तळाला असतो. जमू लागलं की मॅडम तो गुपचूप एकेक घर पुढे सरकवतात. कुणाला पत्ता नसतो. माणसाला वाटतं आपला हात सुधारला, आणि तो खरोखर सुधारलेलाही असतो.

मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? एकदा टिचकी मारून निवडायचं आणि एंटर दाबायचं, फोल्डर उघडतंच की. त्यांनी माझ्याकडे नाराजीने पाहिलं. एंटरची युक्ती त्या शिकवतात, ज्यांचा हात थरथरतो त्यांना पहिल्याच दिवशी. बाकीच्यांना ती नको असते. घरी नातू दोनदा टिचकी मारून उघडतो, तेव्हा आपणही तसंच उघडायचं, ही जिद्द असते. या वयात शिकायला येणारा माणूस सोय मागायला येत नाही, असं माझंही मत झालं.

मुळात ही दोन टिचक्यांची भानगड आली कुठून? डग्लस एंगलबार्टने 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर माऊस चालवून दाखवला, तेव्हा त्याला तीन बटणं होती. पुढे कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रं आकाराला आली. 1983 च्या ‘लिसा’साठी ॲपलने माऊसला एकच बटण ठेवायचं ठरवलं, नवख्या माणसाचा गोंधळ नको म्हणून. पण कामं दोन होती, वस्तू निवडणं आणि वस्तू उघडणं. बटण एक आणि कामं दोन, तेव्हा टिचक्या दोन झाल्या. बटण वाचवलं आणि त्याचा भार बोटावर टाकला, एवढाच तो व्यवहार. विंडोजच्या माऊसला दोन बटणं होती, तरी ही रीत तिथेही आली आणि शिवाजी पार्कपर्यंत पोचली.

झेरॉक्सने 1981 मध्ये ‘स्टार’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. ते कचेरीतल्या माणसांसाठी होतं, म्हणून पडद्यावर कचेरीच मांडली : कागद, फोल्डर, आलेल्या आणि जाणाऱ्या टपालाचे ट्रे. यंत्र फार महाग होतं, चाललं नाही, मांडणी टिकली. आज आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो ते कारकुनाचं टेबल आहे. आणि शिवाजी पार्कच्या सकाळच्या बॅचमध्ये असतात कोण? मंत्रालयातून, बेस्टमधून, एलआयसीतून, बँकांतून निवृत्त झालेली माणसं. टेबल त्यांना शिकवावं लागत नाही. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात साल, सालात विषय, हे त्यांच्या रक्तात आहे. एका आजींनी दुसऱ्याच आठवड्यात घरपट्टी, वीज, औषधं आणि ‘संकीर्ण’ अशी फोल्डरं करून टाकली होती. महानगरपालिकेत त्या अडतीस वर्षं होत्या.

बुशशर्टवाले काका बँकेतले. संगणक म्हणजे नोकऱ्या खाणारा राक्षस, असं मानणाऱ्या पिढीचे. 1983 मध्ये बँक संघटनांचा आणि व्यवस्थापनांचा यंत्रांबाबत करार झाला, पुढच्याच वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. काकांनी त्याआधी काळ्या फिती लावल्या होत्या, घोषणा दिल्या होत्या. नंतर त्याच यंत्रावर बसलेही. पण त्या पडद्यावर फक्त अक्षरं असत. माऊस नव्हता, बाण नव्हता, चित्रं नव्हती. आकडा टाकायचा, एंटर मारायचा. त्यामुळे ते संगणकाला बिचकत नाहीत. त्यांचं भांडण आहे ते फक्त त्या चार ठिपक्यांशी.

मॅडम त्यांना पत्त्यांचा डाव लावून देतात. विंडोजमधला सॉलिटेअर 1990 सालचा, वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या मुलाने लिहिलेला. पत्त्यांची चित्रं सुझान केरची, मॅकिंटॉशची चिन्हं रेखाटणाऱ्या त्याच बाई. माणसांचा हात वस्तू उचलून नेण्याला सरावावा, हाही त्या खेळामागचा एक हेतू होता असं सांगतात. लाल नव्व्यावर काळी अठ्ठी न्यायची म्हणजे बटण दाबून धरायचं, ओढायचं, नेमक्या जागी सोडायचं. धड्यात हे दहा वेळा करायला कंटाळा येतो, डावात शंभर वेळा होतं. आयुष्यभर रमी खेळलेल्या माणसांना तर हे शिक्षण वाटतच नाही.

संध्याकाळची बॅच मुलांची. लालबाग, परळ, वरळी, धारावीकडून येणारी, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारी. यांची बोटं इतकी चपळ की त्यांच्यासाठी खटका वरच्या टोकाला नेला तरी चालतो. अडतात ती वेगळ्याच जागी. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरताना फोटो 20 ते 50 केबीत आणि सही 10 ते 20 केबीत बसवून चढवायची असते. फोटो फोनमध्ये आहे, तीन एमबीचा. तो संगणकात आणला, लहान केला, जतन केला. मग मॅडम विचारतात, कुठे जतन केलास? मुलगा म्हणतो, “सेव्ह केला ना.” कुठे, या प्रश्नाचा अर्थच त्याला लागत नाही. फोनमध्ये वस्तूची जागा दिसत नाही. गॅलरी उघडली की सगळे फोटो समोर, शोधलं की सापडतं. फाइल कुठेतरी ठेवलेली असते, त्या ठेवण्यालाही एक पत्ता असतो, हे त्याला नव्याने शिकायचं आहे. डाउनलोड्समध्ये एकाच फोटोच्या सात प्रती, नावांपुढे कंसात आकडे, आणि अर्जाची मुदत रात्री संपतेय.

शनिवारी सरावाला दोन्ही बॅच एकत्र बसतात. जागा कमी, म्हणून सुरू झालेली सोय. तेव्हा काका मुलांना विचारतात, फाइल आवक केलीस पण नोंद कुठेय? आणि मुलं काकांचा माऊस हातात घेऊन “असं नाही, असं” करतात, इतक्या झपाट्याने की काकांना काहीच दिसत नाही. मॅडम मुलांना ओरडतात : हात मागे. दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. हा त्यांच्या वर्गाचा एकमेव कडक नियम आणि तो मला फार आवडला.

अडचणी विचारल्या तेव्हा वाटलं होतं फीबद्दल बोलतील. त्या आधी पत्त्यांबद्दल बोलल्या. 2012 च्या विंडोज 8 मधून तो जुना डाव काढून टाकला. पुढे परत आला, पण जाहिरातींसकट. आजोबांनी राजा उचलला की शेजारी काहीतरी हलतं, ते तिकडे टिचकी मारतात आणि डाव गेला कुठे म्हणून विचारतात. म्हणून कोपऱ्यात विंडोज 7 चं एक जुनं मशीन इंटरनेटशिवाय ठेवलंय, केवळ डावासाठी. त्याची अधिकृत मुदत 14 जानेवारी 2020 लाच संपली.

बाकीच्या मशीनवर विंडोज 10. त्याचीही मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 ला आत सुरक्षेची एक ठरावीक चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. वर्गातल्या बहुतेक मशीनमध्ये तो नाही. मशीन चांगली चालतायत, पण पुढे जाऊ शकत नाहीत. दोन नवी घेतली, तर निराळाच घोळ झाला. विंडोज 95 पासून स्टार्टचं बटण खाली डाव्या कोपऱ्यात होतं. सकाळच्या बॅचच्या प्रत्येक वहीत, सुवाच्य अक्षरात, तसं लिहिलेलं आहे. अकराव्या आवृत्तीत ते मध्ये सरकलं. सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा डावीकडे नेता येतं आणि वर्गातल्या मशीनवर मॅडमनी ते नेलंय. पण नातवाच्या लॅपटॉपवर ते मध्येच असतं, आणि सोमवारी माणूस येतो तो “मॅडम, स्टार्ट गेलं” म्हणत.

त्याहून अवघड असतो महिना-दीड महिन्यानंतरचा धडा. घाम गाळून शिकवलेलं डबल क्लिक तेव्हा विसरायला लावायचं असतं. डेस्कटॉपवर दोन टिचक्या, खालच्या पट्टीवर एक, वेबपानावर एक. नियम असा का, याला मॅडमकडे पटण्यासारखं उत्तर नाही, आणि माझ्या मते कुणाकडेच नाही. मायक्रोसॉफ्टनेही 1997 च्या सुमारास डेस्कटॉपवर एकाच टिचकीची सोय दिली होती. ती सेटिंगमध्ये आजही आहे, वापरत कुणी नाही. इकडे बँकेच्या पानावर ‘पैसे पाठवा’ या बटणावर दोनदा टकटक करणाऱ्या हाताची मॅडमना धास्ती वाटते. शिवाय भीतीची चौकट : संगणकात व्हायरस सापडला, ताबडतोब या नंबरवर फोन करा. शिस्तीत वाढलेली ही पिढी सूचना पाळते. मॅडम अशा चौकटी कागदावर काढून वर्गात फिरवतात आणि एकच काम सांगतात, काहीही दाबू नका, मशीन बंद करा.

नव्या चौकशा आता फोन शिकवाल का अशाच येतात. फोनवर माऊस नाही. मॅडम शिकवतात, पण त्यात त्यांचा जीव नाही, हे स्पष्ट दिसतं. वर्गाचं उत्पन्न प्रमाणपत्राच्या प्रवेशांवर चालतं. सकाळच्या बॅचला प्रमाणपत्र नको असतं, परीक्षा नको असते, एकच धडा चार वेळा हवा असतो.

आणि इमारत जायची आहे. पार्काभोवतीच्या जुन्या दोन-तीन मजली इमारती एकेक करून पुनर्विकासात चालल्या आहेत, ही त्यांतलीच. तात्पुरत्या जागेसाठी मिळणाऱ्या भाड्यात या भागात तळमजला मिळणं अशक्य. माहीमच्या बाजूला एक जागा पाहून ठेवलीय, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संध्याकाळची मुलं तिथे पळत चढतील. सकाळच्या बॅचमधल्या दोघांचे गुडघे बदललेले आहेत, एका आजींना डॉक्टरांनी जिना बंद केलाय. कुणाकुणाच्या घरी आळीपाळीने बसायचं का, असं काकांनी सुचवून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक घरचं मशीन वेगळं, मी शिकवू काय? अजून काही ठरलेलं नाही. सकाळच्या बॅचकडून पुढच्या तिमाहीची फी घेणं मात्र त्यांनी थांबवलंय.