मोटारीच्या टायरांची निवड व फेरपालट

शिक्रापूर हें गांव पुणें-अहिल्यानगर हमरस्त्यावर वसलेलें असून चाकणचा रस्ता येथेंच त्यास येऊन मिळतो. उसाच्या हंगामांत ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतांतील काळी माती डांबरावर येते, आणि अवकाळी पावसाची एक सर पडली म्हणजे ती लोण्यासारखी निसरडी होते. अशा रस्त्यावरून आमच्या भागांतील बागाईतदार आतां मोटारींतून ये-जा करितात. बैल विकत घेतांना त्याचा खूर उचलून पाहणारा शेतकरी मोटारीचा टायर मात्र क्वचितच निरखून पाहतो, म्हणून हे चार शब्द.

प्रथम आमचीच चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं दोन नवे टायर घेऊन ते पुढच्या चाकांस लाविले व झिजलेले दोन मागें ठेविले. गाडी पुढचीं चाकें ओढतात, तेव्हां नवा माल तेथेंच असावा, असा आमचा समज. श्रावणांतील एका सकाळीं तळेगांव ढमढेरे येथून परत येत असतां वळणावर पुढच्या चाकांनीं रस्ता धरिला, पण मागचा भाग घसरला आणि गाडी गरकन फिरून कडेच्या चारींत गेली. सोबत आमची नात होती. कोणास इजा झाली नाहीं. बोध मात्र कायमचा झाला. पुढचीं चाकें घसरल्यास वेग कमी करून गाडी बहुधा सांवरतां येते. मागचीं घसरल्यास ती सांवरणें फार कठीण. म्हणून दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तर ते मागेंच बसवावे, मग गाडी कोणत्याहि चाकांनीं चालणारी असो.

टायरच्या अंगावरील अक्षरें सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणें वाचावीं. 185/65 आर 15 यांत 185 ही मिलिमीटरांत रुंदी, 65 हें उंचीचें रुंदीशीं शेंकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल बांधणी व 15 हा रिमचा इंचांत व्यास होय. पुढें 88 हा भारांक असल्यास एक टायर 560 किलो भार सोसतो. शिवाय चार आंकडे निराळे छापलेले असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या भारांकाहून कमी टायर घेऊं नये, आणि स्वस्त मिळतो म्हणून वर्षानुवर्षें पडून राहिलेला मालहि घेऊं नये.

खाचांचें काम चाकाखालील पाणी बाहेर काढण्याचें आहे. त्यांची खोली 1.6 मिलिमीटरांहून कमी झाल्यास कायद्यानेंहि तो टायर चालत नाहीं. खाचेच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीस येईपर्यंत थांबूं नये. 3 मिलिमीटर उरले कीं पावसाळ्यापूर्वींच टायर बदलणें शहाणपणाचें.

उसामागून ऊस घेतल्यास जमीन थकते, हें आमच्या बंधूंस सांगावयास नको. टायरांचेंहि तसेंच आहे. पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडींत ओढणें, वळणें व ब्रेकाचा बहुतेक भार पुढच्या टायरांवर पडतो. म्हणून दर 8 ते 10 हजार किलोमीटरांस पुढचे टायर त्याच बाजूस सरळ मागें न्यावे व मागचे डावे-उजवे बदलून पुढें आणावे. मागच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडींत मागचे सरळ पुढें व पुढचे बाजू बदलून मागें न्यावे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास बाजू बदलूं नये. ही फेरपालट वेळेवरच व्हावी. उशीर केल्यास गुळगुळीत टायर मागें जाऊन आम्हांवर आलें तेंच संकट ओढवेल.

झीजहि बोलते. टायर मध्येंच झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांस झिजला तर हवा कमी, एकाच कडेस झिजला तर चाकांची रेषा बिघडली, असें समजावें. हवा दर पंधरवड्यास, सकाळीं गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतां मोजावी.

रस्त्यास टेकलेला टायराचा भाग सुमारें तळहाताएवढा असतो. घरचीं सर्व माणसें त्या चार तळहातांच्या भरंवशावर बसलेलीं असतात, एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुरे.