दूध की गाजर? आधी ताटाकडे पाहू

शंभर ग्रॅम गाईच्या दुधात साधारण ८७ ग्रॅम पाणी असतं. शंभर ग्रॅम गाजरातही पाणी जवळपास तितकंच. दुधातली साखर पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, आणि गाजरातलीही त्याच घरात. एक पेल्यातून प्यायचं, दुसरं दातांनी फोडून खायचं. तरी पाणी आणि साखर वजा केली, तर दोन्हीकडे जेमतेम सात-आठ ग्रॅम उरतात. पोषणाच्या दृष्टीने दूध आणि गाजर यांच्यात जो काही फरक आहे, तो या उरलेल्या चिमूटभर ऐवजात आहे.

दुधात त्यातला मोठा वाटा स्निग्धांशाचा आणि प्रथिनांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे ४.५ ग्रॅम स्निग्धांश, ३.३ ग्रॅम प्रथिनं आणि ११८ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साडेसहा ग्रॅमच्या पुढे जातो. गाजरात प्रथिनं एक ग्रॅम, स्निग्धांश अर्धा ग्रॅम, कॅल्शियम ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. पण दुधात अजिबात नसलेला चोथा मात्र चार ग्रॅम. ब-१२ हे जीवनसत्त्व गाईच्या पोटातले जीवाणू तयार करतात आणि तिथून ते दुधात उतरतं. गाजरात ते नाहीच.

हिशेब असा मांडून पाहा. एका पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून जेवढं कॅल्शियम मिळतं, तेवढं गाजरातून मिळवायचं तर सुमारे ७०० ग्रॅम गाजरं खावी लागतील. प्रथिनांसाठीही आकडा तोच, ७०० ग्रॅम. इथे दूध सरळ जिंकतं. अ जीवनसत्त्वाकडे वळलं की पारडं उलटं फिरतं. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या लाल गाजराच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २,७०० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन असतं, केशरी गाजरात त्याच्या दुप्पट. अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून शरीराला १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं असं धरलं, तर शंभर ग्रॅम लाल गाजराची बरोबरी करायला जवळपास अर्धा लिटर दूध लागतं.

दोन्हींना जोडणारा रेणू

गंमत अशी, की अ जीवनसत्त्वाचा शोध लागला तो दुधातूनच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एल्मर मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांनी उंदरांना वेगवेगळे स्निग्ध पदार्थ देऊन पाहिले. डुकराच्या चरबीवर ठेवलेल्या उंदरांची वाढ थांबली. लोण्याचा स्निग्धांश मिळताच ती पुन्हा सुरू झाली. १९१३ साली त्यांनी जाहीर केलं, की लोण्यात वाढीला आवश्यक असा कुठला तरी घटक आहे. १९१९ मध्ये हॅरी स्टीनबॉक यांच्या लक्षात आलं, की वनस्पतींच्या पिवळ्या रंगाशी या गुणाचं काही नातं असावं. १९३० साली केंब्रिजमध्ये थॉमस मूर यांनी दाखवून दिलं, की उंदरांना दिलेलं कॅरोटीन त्यांच्या यकृतात अ जीवनसत्त्व होऊन साठतं. लोण्यातला अनोळखी घटक आणि गाजराचा रंग यांचा सांधा असा जुळला.

याच काळात हे शास्त्र ठाऊक नसल्याची किंमत डेन्मार्कने मोजली होती. लोणी परदेशी विकलं जात होतं आणि गरिबांच्या मुलांना लोणी काढलेलं दूध मिळत होतं. त्या दुधात प्रथिनं होती, कॅल्शियम होतं. पण अ जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर निघून गेलं होतं. मुलांचे डोळे कोरडे पडले, काहींची दृष्टी गेली. कार्ल ब्लोख या बालरोगतज्ज्ञाने सायीसकट दूध दिलं, तेव्हा मुलं सुधारली.

गाईला जे मिळतं, ते दुधात येतं

हे पाहायला आता पूर्व विदर्भातल्या गोंदियाकडे येऊ. हा धानाचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव आणि शेताशेतांतल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, यांच्या पाण्यावर इथला खरीप उभा राहतो. धान निघालं की जनावरांपुढे वर्षातला बराच काळ तणस, म्हणजे धानाचा पेंढा, असते. हिरव्या गवतात बीटा कॅरोटीन भरपूर असतं. उन्हात वाळलेल्या तणशीत ते जवळजवळ उरत नाही. म्हणून पावसाळ्यात हिरवा चारा खाणाऱ्या गाईच्या दुधात आणि उन्हाळ्यात नुसत्या तणशीवर असलेल्या गाईच्या दुधात अ जीवनसत्त्वाचं प्रमाण सारखं राहत नाही. कॅल्शियमचं तसं नाही. चाऱ्यात ते कमी पडलं, तर गाय स्वतःच्या हाडांतून काढून दुधात घालते. तणशीत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यामुळे हा भार जनावराच्या अंगावर अधिकच पडतो. तक्त्यातला दुधाचा आकडा वाचताना त्या दुधामागची गव्हाण आठवायला हवी.

गाईचं तूप पिवळसर आणि म्हशीचं पांढरं का, याचं उत्तरही इथेच आहे. गाय चाऱ्यातल्या बीटा कॅरोटीनचा काही भाग जसाच्या तसा दुधात उतरू देते. म्हैस मात्र जवळपास सगळ्याचं अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते, आणि अ जीवनसत्त्वाला तसा रंग नसतो. म्हशीचं दूध पांढरं दिसतं म्हणून ते या बाबतीत हलकं ठरत नाही.

आणि आता ताट. इथल्या जेवणाचा कणा भात आहे. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमही भरत नाही. बीटा कॅरोटीन आणि ब-१२ नाहीच. तांदळातली ही उणीव जगभरच्या भात खाणाऱ्या मुलांना इतकी महागात पडली, की इंगो पोट्रीकुस आणि पीटर बायर या शास्त्रज्ञांनी डॅफोडिल या फुलझाडाचं जनुक तांदळात घालून दाण्यातच बीटा कॅरोटीन तयार करून दाखवलं. २००० साली तो ‘सोनेरी तांदूळ’ जगापुढे आला. आपल्या देशात १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याचा कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात पहिला, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण नऊ. रातांधळेपणापासून मुलांना वाचवणारं हे काम आहे. अंगणवाडीतला तो चमचा एकाही आईने चुकवू नये. मात्र डोस ही सुरक्षेची व्यवस्था आहे. रोजची भरपाई ताटातूनच व्हायला हवी.

एकत्र शिजवलं तर

बीटा कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. गाजराच्या पेशींच्या चिवट भिंतींआड ते अडकून असतं. कच्चं गाजर घाईने चावून खाल्लं, तर त्यातलं बरंचसं शरीराला न लागताच बाहेर पडतं. तेच किसून, शिजवून, थोड्या तेलाच्या फोडणीत घातलं किंवा सायीच्या दुधात आटवलं, की भिंती मऊ पडतात आणि कॅरोटीन स्निग्धांशाबरोबर आतड्यातून शोषलं जातं. दुधातल्या गाजराच्या खिरीत दोन्ही पदार्थ एकमेकांना खरोखर मदत करतात. स्निग्धांशासाठी खर्चही फार येत नाही. जेवणात चमचाभर तेल पुरतं.

दोघांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लोह दोन्हींत कमी आहे. जेवण मागे सारून दिवसभर दूधच पिणाऱ्या लहान मुलाच्या अंगात रक्त कमी पडू शकतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी गाईचं दूध देऊ नये. गाजराने नजर सुधारते, पण ती अ जीवनसत्त्वाच्या अभावाने बिघडली असेल तरच. चष्म्याचा नंबर गाजराने उतरत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक गाजरं खाऊन रात्री शत्रूची विमानं टिपतात, असं पसरवण्यात आलं. त्यामागे खरं काम रडारचं होतं.

दूध सगळ्यांनाच पचतं असंही नाही. मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची क्षमता देणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे जास्त आणि पूर्व-दक्षिणेकडे कमी आढळतो. ज्यांना दुधाने पोट फुगतं, त्यांना दही आणि ताक बहुधा सोसतं. आणि जिथे दूध रोज परवडत नाही, तिथे गोंदियाच्या तलावांनी सोय करून ठेवली आहे. लहान मासोळ्या काट्यासकट, डोक्यासकट खाल्ल्या, की कॅल्शियम, ब-१२ आणि उत्तम प्रथिनं एकाच घासात येतात.

गाजराच्या जागी उभा राहणारा पदार्थ तर अंगणातच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत शेवग्याच्या पानांत शंभर ग्रॅमला सुमारे १७,५०० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन आहे. लाल गाजराच्या सहापट! कॅल्शियम ३१४ मिलिग्रॅम, गाईच्या दुधाच्या अडीचपटीहून अधिक. मूठभर पानं शंभर ग्रॅम भरत नाहीत आणि पानांतलं सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही, हे खरं. पालकासारख्या ऑक्झलेट असलेल्या भाजीतलं तर अगदी थोडंच शोषलं जातं, दुधातलं मात्र साधारण तीस टक्के. तरीही गाजर हिवाळ्यापुरतं आणि पैसे मोजून येतं. शेवगा वर्षभर कुंपणावर उभा असतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. भाजी की दूध असा पर्याय त्यात ठेवलेलाच नाही. पदार्थाची योग्यता त्याच्या एकट्याच्या आकड्यावर ठरत नाही, शेजारी काय वाढलं आहे त्यावर ठरते. भाताच्या ताटात हाडांचं आणि डोळ्यांचं असं दोन्ही अन्न कमी आहे. म्हणून मुलाच्या भातावर रोज दोन गोष्टी पडू द्याव्यात: दूध, दही किंवा मासोळी यांतलं एक, आणि तेलाची फोडणी दिलेली हिरवी किंवा केशरी भाजी. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आवारात शेवग्याची दोन झाडं लावायला कुठल्याही ग्रामपंचायतीला फारसा खर्च नाही. तो पाला शाळेच्या खिचडीत पडला, तर बाजारातल्या गाजराच्या भावावर कुठल्याच मुलाची नजर अवलंबून राहणार नाही.