किल्लीविना उघडणारी गाडी
नव्या मोटारींच्या किल्लीत एक छोटी चिप असते. तिचा संकेत ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. तारा जोडून गाडी पळवण्याची जुनी युक्ती त्यामुळे निकामी झाली. पण जवळ येताच दार उघडणाऱ्या किल्लीने नवी वाट मोकळी केली. घरात दाराजवळ ठेवलेल्या किल्लीचा क्षीण संकेत एक चोर यंत्राने टिपतो आणि गाडीशेजारच्या साथीदाराकडे पोहोचवतो. किल्ली जवळच आहे असे गाडीला वाटते आणि काच न फुटता ती निघून जाते. संकेत अडवणारी धातूच्या अस्तराची पिशवी यावर स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. काही किल्ल्यांचा संकेत बंदही करता येतो.

स्टिअरिंगला लावायचे जाड लोखंडी कुलूप जुनाट वाटले तरी मोलाचे, कारण ते बाहेरून दिसते आणि तोडायला वेळ लागतो. चोराला नेमका तोच नको असतो.

काच फोडून होणाऱ्या चोऱ्यांचे कारण बहुधा सीटवरची लॅपटॉपची बॅग असते. सामान डिकीत ठेवायचे तर निघण्यापूर्वीच ठेवावे. पार्किंगमध्ये ठेवताना कोणी पाहत असू शकते.

गाडी चोरीस गेल्यास पोलिसांत तत्काळ तक्रार नोंदवून विमा कंपनीला कळवावे. कंपनी सहसा दोन्ही किल्ल्या मागते. केवळ थर्ड पार्टी विम्यात मात्र चोरीची भरपाई मिळत नाही.