दहा सेंटिमीटरचा साकव

माझ्या आजोळी, राजापूरकडच्या वाडीत, घरी पोचायला एक वहाळ ओलांडावा लागे. त्यावर साकव होता. साकव म्हणजे काय, तर सुपारीचे दोन सोट शेजारी शेजारी टाकून बांधलेले. पावसाळ्यात खालून तांबडं पाणी धावायचं आणि सोटांवर शेवाळ धरायचं. आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्यावरून अशी जायची, की जणू अंगणातून चालली आहे. मी मात्र त्यावर बसून, सरकत सरकत पलीकडे जायची. आजी पलीकडून ओरडायची, "खाली काय बघतंस गो? ह्यो माड बघ नि चल!"

मला काही तो साकव उभ्याने ओलांडता आला नाही. पुढे तिथे सिमेंटची मोरी झाली आणि माझी सुटका झाली. निदान मला तसं वाटलं होतं.

त्यानंतर तीसेक वर्षांनी माझी लेक शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, मला बीमवर जायचंय."

मुलींच्या जिम्नॅस्टिक्समध्ये चार प्रकार असतात : व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बॅलन्सिंग बीम आणि फ्लोअर. त्यातली ही बीम ५ मीटर लांब, जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच आणि फक्त १० सेंटिमीटर रुंद. दहा सेंटिमीटर म्हणजे किती, ते घरात पट्टी घेऊन बघाच. पोळपाटाच्या निम्म्याहून कमी! आणि उंची आपल्या ओट्यापेक्षा जास्त. एवढ्याशा पट्टीवर मुलींनी चालायचं, उडी मारायची, गिरकी घ्यायची, मागे उलटायचं आणि शेवटी हवेतून कोलांटी घेऊन खाली उतरायचं. हे सगळं ९० सेकंदांच्या आत. गॅसवर दूध ठेवून मागच्या दारी कपडे वाळत घालून येतो ना आपण, तेवढ्या वेळात.

आम्ही रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ राहतो. जिथे लेक शिकायला जायची तिथे मॅट होत्या, जमिनीलगतची बुटकी बीम होती, पण पूर्ण उंचीची बीम नव्हती. मग घरी पडवीत सुतारकाकांकडून फणसाची एक फळी करून घेतली. बरोबर दहा सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून चार बोटं उंच. सासूबाईंनी आपली जुनी गोधडी फाडून ती फळीवर घट्ट शिवून दिली. "पोरीचे पाय सोलायला नकोत," एवढंच म्हणाल्या. मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे पुण्याला राहून खऱ्या उंचीचा सराव.

तिच्या मॅडम स्वतः दोरीच्या मल्लखांबावर वाढलेल्या. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ज्या मल्लखांबाला पुन्हा उभं केलं, त्याची मुळं आपल्याकडे इतकी खोल आहेत, की शरीर हवेत तोलणं मराठी मुलींना नवीन नाही. बीमचं तसं नाही. आपल्या देशात जिम्नॅस्टिक्स म्हटलं की आठवते ती त्रिपुराची दीपा कर्माकर, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली. पण ते व्हॉल्टवर. हीच दीपा २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत बीमच्या अंतिम फेरीत पोचली आणि पाचवी आली, हे किती जणींना माहीत आहे? मलाही लेकीनेच सांगितलं.

मी नोकरी करते बँकेत. उड्यांमधलं मला काही कळत नाही, पण आकडे कळतात. म्हणून एक वही केली आणि मॅडमकडून गुणांचा हिशेब समजावून घेतला. जिम्नॅस्टिक्सची आंतरराष्ट्रीय नियमावली दर ऑलिम्पिकनंतर बदलते. तेव्हा चालू होती ती २०२२ ते २०२४ ची. त्यात गुणांचे दोन भाग. एक कसरती किती अवघड त्याचा, दुसरा त्या किती सफाईने केल्या त्याचा. सफाईचे दहा गुण आधीच हातात असतात, त्यातून चुका वजा होत जातात. पाऊल किंचित हललं, एक दशांश गेला. तोल जाऊन हात फिरवावे लागले, आणखी गेले. बीमवरून खाली पडलं, तर पूर्ण एक गुण गेला.

अवघडपणाच्या भागात सगळ्यात वरच्या आठ कसरती मोजतात. आणि त्याखेरीज चार अटी. प्रत्येक अट पूर्ण केली की अर्धा गुण. पहिली अट, नृत्यातल्या दोन वेगळ्या उड्या जोडून घ्यायच्या आणि त्यातल्या एकीत दोन्ही पाय हवेत सरळ रेषेत फाकले पाहिजेत. दुसरी बहुतेक जणी एका पायावर पूर्ण गिरकी घेऊन भागवतात. तिसरी, सलग दोन अशा कसरती की ज्यात अंग हवेत जातं, त्यातली एक तर हात न टेकता मारलेली कोलांटी. चौथी, कसरती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दिशांना व्हायला हव्यात. म्हणजे एखादीला एकच गोष्ट फार छान येते म्हणून तेवढ्यावर भागत नाही. थोडं थोडं सगळं यावं लागतं. वाचताना मला हसू आलं. अशी यादी आपल्या ओळखीची आहे की नाही, तुम्हीच सांगा!

लेकीच्या वयोगटाच्या स्पर्धेत तिसरी अट सौम्य केलेली होती. मागे वाकून हात टेकत पाय वरून आणायचे, म्हणजे बॅक वॉकओव्हर, आणि त्याला जोडून लगेच मागे उसळी मारून हातांवरून उलटायचं, म्हणजे बॅक हँडस्प्रिंग. ही जोडी तिला मॅटवर झोपेतही जमायची. फळीवर जमायची. बुटक्या बीमवर जमायची.

२०२३ च्या गणपतीनंतर पूर्ण उंचीवर सराव करताना तिचा हात सटकला. मांडीला बीमची कड लागली. हाड शाबूत राहिलं, पण हातभर जागा काळीनिळी झाली. आठवड्याने सूज उतरली. भीती मात्र उतरली नाही. बीमवर उभी राहायची, हात वर घ्यायची, श्वास आत घ्यायची... आणि हात खाली. परत हात वर, परत खाली. तीन आठवडे हेच चाललं.

मी डबा मांडीवर घेऊन भिंतीशी बसलेली असायची. मनात सारखं, "जा ना गं, एकदाच जा." एका संध्याकाळी स्कूटीवरून घरी येताना न राहवून बोललेच, "बाकीच्या मुली करतात, तुलाच काय झालंय? एवढी धावपळ कशासाठी करतोय आपण?" ती मागे गप्प बसून राहिली. घरी आल्यावर जेवलीही नाही. रात्री तिच्या मांडीला मलम लावताना त्या निळ्या डागाकडे बघून मला माझीच लाज वाटली. दोन सोटांवर बसून सरकणारी मी, सव्वा मीटरवरून मागे उलटणाऱ्या मुलीला 'काय झालंय' विचारत होते!

दुसऱ्या दिवशी मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, भीती वाटते हे चांगलं आहे. जिला वाटत नाही ती मुलगी जास्त लागून घेते. भीती हाकलायची नाही, तिची उंची कमी करायची." आणि त्यांनी लेकीला परत मागे नेलं. आधी मॅटवरची खडूची रेघ. मग फळी. मग बुटकी बीम. घाई कुठेही नाही. "नजर बीमच्या टोकावर ठेव, पायांकडे बघू नको," हे मात्र रोज पन्नास वेळा. ऐकून मला आजीचा माड आठवायचा.

स्पर्धा घाटावर होती. आंबा घाट चढून एसटीने पोचलो, लॉजवर उतरलो. आदल्या संध्याकाळच्या सरावात ती पूर्ण उंचीच्या बीमवर उभी राहिली, हात वर गेले आणि खाली आले. रात्री मॅडम आमच्या खोलीत आल्या. पलंगावर माझी वही उघडली आणि लेकीला म्हणाल्या, "तूच हिशेब कर."

हिशेब साधा होता. जोडी गाळली तर अटीचा अर्धा गुण गेला, शिवाय हँडस्प्रिंगचे दोन-तीन दशांश. जोडी करायला जाऊन पडली तर पडण्याचा एक, अट पूर्ण न झाल्याचा अर्धा, म्हणजे दीड गुण. आणि परत मांडीवर आपटली तर? ते कुठल्याच वहीत मांडता येत नव्हतं.

"पण मग मी घाबरून सोडलं असं होईल ना?" लेकीने विचारलं.

मॅडमनी तिला सिमोन बाइल्सची गोष्ट सांगितली. २०२१ ची टोकियो ऑलिम्पिक. जगातली सगळ्यात मोठी जिम्नॅस्ट. हवेत असताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं आणि तिने सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली. जगभर चर्चा झाली, नावंही ठेवली लोकांनी. पण आठवड्याभराने, ३ ऑगस्टला, ती बीमवर परत आली. शेवटी उतरताना ती नेहमी हवेत पीळ घेत असे. तो तिने काढून टाकला, बिनपिळाची सोपी उतरण ठेवली आणि ब्राँझपदक घेऊन गेली. "आज जे येतंय ते नीट करायचं, जे येत नाही ते उद्यासाठी ठेवायचं. याला पळणं म्हणत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्या एका रात्रीत एवढं मात्र मला नीट जमलं. तिने पेन घेतलं आणि तिसऱ्या अटीवर स्वतःच्या हाताने काट मारली.

दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुकारलं. चढली छान. उड्यांची जोडी झाली, पाय सरळ रेषेत. बॅक वॉकओव्हर एकटाच केला, तोही नेटका. मी श्वास सोडला. आता फक्त गिरकी आणि उतरणं. गिरकी तर ती पडवीत दात घासताना घ्यायची! आणि नेमकी तिथेच टाच सरकली. दोन्ही हात फिरले आणि ती खाली.

मी डोळे मिटून घेतले.

पडल्यावर परत चढायला दहा सेकंद मिळतात. उघडले तेव्हा ती हातांना पावडर लावत होती. एकदा बीमच्या टोकाकडे बघितलं, दोन्ही हात टेकले आणि वर चढली. पुन्हा पायाच्या चवड्यावर उभी राहिली, पुन्हा तीच गिरकी घेतली. या वेळी पूर्ण झाली. मग उतरली, दोन्ही पायांवर, हात वर करून परीक्षकांकडे बघत. पडण्याचा एक गुण गेला होता, पण गिरकीची अट तिने परत चढून मिळवली होती.

क्रमांक? अकरावा. सासूबाईंनी फोनवर विचारलं तर म्हणाली, "आजी, अकरावी आले, पण गिरकी सोडली नाही."

परत येताना साखरप्याला गाडी थांबली, तेव्हा वडा खाता खाता म्हणाली, "आई, मी पडले तेव्हा तू डोळे मिटलेस. दिसलं मला."

"अगं, बघवलं नाही मला..."

"पुढच्या वेळी उघडे ठेव. मी परत चढते ते तू बघितलंच नाहीस."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मुलीने अटी पूर्ण कराव्यात म्हणून मी वह्या भरल्या होत्या. माझ्यासाठी तिची एकच अट होती, आणि तीच नेमकी माझ्याकडून सुटली होती.

२०२४ च्या ५ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकची बीमची अंतिम फेरी आम्ही दोघींनी मोबाइलवर बघितली. अमेरिकेची सुनी ली पडली. पाठोपाठ सिमोन बाइल्ससुद्धा पडली आणि पाचवी आली. सुवर्ण मिळालं इटलीच्या अलिचे दामातोला. प्रत्येक पडणाऱ्या मुलीच्या वेळी लेक माझ्या डोळ्यांकडे बघत होती. उघडे होते.

त्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला, खाली मॅटची चळत रचून, तिने ती जोडी पूर्ण उंचीवर केली. मग एकेक मॅट काढत गेले. शेवटची काढायला फेब्रुवारी उजाडला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, गुण नव्हते, परीक्षकही नव्हते. मी होते भिंतीशी, डबा घेऊन, आणि सगळं बघितलं.

परवा सकाळी लवकर उठले. घरात सामसूम होती. पडवीतली फळी तशीच होती, गोधडीचे टाके आता विरलेत. काय वाटलं कुणास ठाऊक, पदर खोचला आणि वर उभी राहिले. समोर कुंपणापलीकडे माड होता. त्याच्यावर नजर ठेवली आणि निघाले. एक, दोन, तीन, चार पावलं, उभ्याने! पाचव्याला घसरले आणि धप्पदिशी जमिनीवर.

मागून हसण्याचा आवाज आला. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"बघतेस काय? चढ परत," त्या म्हणाल्या. "दहा सेकंद असतात म्हणे."