विजेला जोखणारा भार

बैलाची पारख गोठ्यात होत नाही. त्यास गाडीला जुंपावे लागते. विजेच्या साधनांचेही असेच आहे. बॅटरीच्या दोन टोकांना व्होल्टमापक लावला आणि आकडा बाराच्या पुढे दिसला, की बॅटरी उत्तम आहे असा समज होतो. परंतु झिजलेली बॅटरीही स्वस्थ असताना पुरेसा दाब दाखवू शकते. प्रवाह देण्याची वेळ आली म्हणजेच तिचे खरे बळ कळते.

जयपूर नगर सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवले. त्याची आखणी ज्या विद्याधर भट्टाचार्यांच्या नावाशी जोडली जाते, त्यांचेच नाव विद्याधर नगर या वसाहतीस दिले आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ती आखली. अशा वसाहतीत जुन्या बॅटऱ्या तपासून देणारी एक लहानशी कार्यशाळा आहे, असे समजू. मे महिन्याच्या रात्री वीज गेली आणि घरात प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण असला, तर ‘ही बॅटरी चार तास चालेल’ या शब्दाला केवढी किंमत येते! तो शब्द कशाच्या आधारावर द्यावयाचा?

त्यासाठी प्रोग्रॅमेबल डीसी इलेक्ट्रॉनिक लोड, म्हणजे हवा तेवढा प्रवाह आज्ञेप्रमाणे ओढून घेणारा भार, उपयोगी पडतो. पूर्वी हे काम तारेची वेटोळी किंवा दिवे करीत. त्यांत उणीव अशी, की बॅटरीचा दाब उतरला म्हणजे प्रवाहही उतरतो. इलेक्ट्रॉनिक भारातील ट्रान्झिस्टर आपला रोध क्षणोक्षणी बदलून प्रवाह ठरल्या मापावर ठेवतात. प्रवाहाऐवजी दाब, रोध किंवा शक्ती स्थिर ठेवण्याचीही सोय त्यात असते. बॅटरी आणि मोबाइलचा चार्जर यांसाठी स्थिर प्रवाह योग्य होय. छपरावरील सौर पट्टीची तपासणी स्थिर दाबाने करणे सोयीचे असते. उलट बॅटरीला तिच्या दाबाहून कमी अशा स्थिर दाबावर जोडले, तर यंत्र आपल्या मर्यादेपर्यंत प्रवाह ओढू लागते, आणि अपघातास निमंत्रण मिळते.

निवड करताना पहिला प्रश्न शक्तीचा. यंत्रावर ‘१५० व्होल्ट, ३० अँपिअर, ३०० वॅट’ असे लिहिलेले असले, तरी तिन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. दीडशे व्होल्टवर ते फक्त २ अँपिअर घेईल, आणि ३० अँपिअर हवे असतील तर दाब १० व्होल्टच्या वर जाता कामा नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी दहा तासांच्या मानाने तपासावयाची, तर १५ अँपिअर म्हणजे सुमारे १८० वॅट लागतात. हे यंत्र तेथे पुरेल. परंतु अशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, की सुमारे २५ व्होल्टवर ३७५ वॅट होतात आणि यंत्र अपुरे पडते.

ही सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने खोलीतच राहते. जयपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा यंत्राची क्षमता काठोकाठ वापरणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी उष्णतेत अधिक क्षमता दाखविते; म्हणून तपमानाची नोंद न ठेवता दिलेला निकाल बॅटरीची खोटी स्तुती ठरेल.

दुसरा प्रश्न तारांचा. जाण्यायेण्याच्या तारांचा रोध ०.०२ ओहम असला, तर १५ अँपिअरवर ०.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चाचणी १०.८ व्होल्टवर थांबवावयाची असेल, तर यंत्राला १०.८ दिसतील तेव्हा बॅटरीत ११.१ शिल्लक असतील, आणि चांगली बॅटरी नाकारली जाईल. म्हणून दाब मोजण्यासाठी टोकांपर्यंत दोन स्वतंत्र तारा नेण्याची सोय यंत्रात असावीच.

तिसरा प्रश्न अचूकतेचा. जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि त्याच्या मापपट्टीवर दोन सेकंदांपर्यंतचा काळ वाचता येतो असे सांगतात. परंतु सूर्य हा बिंदू नसल्यामुळे सावलीची कड पुसट पडते. बारीक रेघा म्हणजे तितकेच बारीक ज्ञान नव्हे. पडद्यावरील चार दशांश स्थळांचेही तेच. ३० अँपिअरच्या पट्ट्यात पूर्ण मापाच्या ०.१ टक्का इतकी चूक संभवत असेल, तर ती ०.०३ अँपिअर होते. १५ अँपिअरपुढे ती नगण्य, ०.१ अँपिअर मोजताना मात्र तीस टक्के! लहान प्रवाह मोजावयाचे असतील, तर यंत्रात वेगळा लहान पट्टा हवा.

संगणकांना वीज पुरविणारी मंडले तपासणाऱ्यांना प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढविणारे यंत्र लागते. बॅटरी तपासणाऱ्याने त्या वेगासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. त्याने ठरल्या दाबावर आपोआप थांबणे, अँपिअर-तासांची मोजणी, संगणकाकडे नोंदी पाठविणे आणि उलट जोडणीपासून संरक्षण यांकडे पाहावे.

तात्पर्य, आधी कामाची यादी करावी, त्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा मांडावा, आणि मग बाजारात जावे. यंत्र आल्यावरही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून ते ठरावीक मुदतीने पडताळून घ्यावे. दुसऱ्याचे बळ जोखणाऱ्या यंत्राला स्वतःची परीक्षा चुकविता येत नाही.