मोटारीवरचा ओरखडा जातो कुठे?

काळी किंवा गडद निळी मोटार भर दुपारी उन्हात उभी असली, तर तिच्या टपावर एक चमत्कारिक दृश्य दिसते. सूर्याच्या झगझगीत प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची गोल गोल वर्तुळे असतात, जणू कोळ्याचे जाळेच! घरी मोटार नसेल तर मोटरसायकलची टाकी पाहा, तेथेही हे जाळे सापडेल. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या भागांत तर ते शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. मग एक दिवस गाडी पॉलिशवाल्याकडे जाते. तो फिरत्या यंत्राने टप घासतो, मेण लावतो आणि जाळे नाहीसे होते.

आता जरा विचार करा. ओरखडा म्हणजे खाच, म्हणजेच जिथले द्रव्य निघून गेले आहे अशी जागा. जे तेथे नाहीच, ते घासून कसे निघेल? मग ओरखडा जातो तरी कुठे?

ताटातली वर्तुळे

आधी त्या वर्तुळांचा उलगडा करू. रोज घासले जाणारे जुने स्टीलचे ताट घ्या. खोलीत थोडा अंधार करून त्याच्या मधल्या सपाट भागावर टॉर्चचा प्रकाश पाडा. प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळे दिसतील. आता टॉर्च हळूहळू बाजूला न्या. मौज अशी की, वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतात! ती ताटावर कोरलेली असती तर जागच्या जागी राहिली असती.

खरी गोष्ट अशी आहे. ताटावर ओरखडे सर्व दिशांनी, आडवेतिडवे पडलेले असतात. पण प्रत्येक ओरखडा ही एक अरुंद लांबट खाच असते आणि ती प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीच्या आडव्या दिशेने फेकते. त्यामुळे प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेला जे ओरखडे काटकोनात असतात, त्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. बाकीचे असूनही दिसत नाहीत. असे निवडक तुकडे प्रतिबिंबाभोवती जुळून वर्तुळाचा भास होतो. फडके गोल फिरवा की सरळ, वर्तुळे दिसायची ती दिसतातच.

रंग नव्हे, काचेसारखा लेप

हल्लीच्या मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर अस्तराचा थर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असतो. गॅरेजमध्ये याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. या सर्व थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी पारदर्शक लेप सुमारे ४० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ! झळाळी याच लेपाची असते. उन्हातील अतिनील किरण शोषून खालचा रंग जपण्याचे कामही हाच करतो. आपली सारी गोष्ट या ४० मायक्रॉनांत घडते.

गुन्हेगार कोण?

हा लेप खरवडतो कोण? चंद्रपूरकर चटकन सांगतील, कोळशाची धूळ. पण काळा रंग पाहून निकाल देऊ नका. १८१२ साली फ्रीड्रिक मोस या खनिजशास्त्रज्ञाने काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी तयार केली. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढतो, तो अधिक कठीण. या श्रेणीत आपले नख सुमारे अडीचवर आहे, खिडकीची काच साडेपाचवर, तर गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, क्रमांक ७ आहे. दगडी कोळसा जवळपास नखाच्याच पंक्तीला बसतो.

खरा गुन्हेगार म्हणजे कोळशाच्या सोबतीने येणारी पांढुरकी धूळ. चंद्रपूरचा कोळसा गोंडवन काळातील खडकांत, वालुकाश्मांच्या थरांमध्ये सापडतो, आणि वालुकाश्म म्हणजे बहुतांशी गारेचेच कण. औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जळल्यावर उरणाऱ्या राखेत बारीक काचमणी असतात आणि गारेचे कणही असतात. वर्धा नदीच्या वाळूतही गारच. गडचिरोलीकडे, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरांत हेमॅटाइट हे लोहखनिज आहे. त्याचे काठिण्य साडेपाच ते साडेसहा. यांपैकी कशाहीपुढे प्लॅस्टिकसारखा तो लेप टिकत नाही.

मात्र नुसती बसलेली धूळ ओरखडा काढत नाही. कोरडे फडके घेऊन आपण ती पुसू लागतो तेव्हा अनर्थ होतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. फडक्याखाली सापडलेल्या कणाचे टोक इतके अणकुचीदार असते की बोटाचा हलका जोरही तेथे प्रचंड दाब निर्माण करतो. ओरखडा पाडते धूळ, पण तिला हात आपला मिळतो.

पाण्याची परीक्षा

आता पुढचा प्रयोग करा. बारीक ओरखड्यावर ओले बोट फिरवा. ओरखडा दिसेनासा होईल! पाणी वाळले की पुन्हा हजर. असे का?

लेपाचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे आणि हवेचा जवळजवळ १. हा फरक मोठा असल्यामुळे खाचेच्या भिंतींवर प्रकाशाचे अनियमित परावर्तन होते आणि खाच पांढुरकी दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. पाणी खाचेत भरले की लेप आणि खाच यांतील फरक कमी होतो. समोरून सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब केला, तर लेप व हवा यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, पण लेप व पाणी यांच्या सीमेवर अर्धा टक्काही नाही. गडद गाडीवर ओरखडे उठून दिसतात तेही यामुळेच, कारण काळ्या पार्श्वभूमीवर थोडासा पांढरा प्रकाशही डोळ्यात भरतो.

या परीक्षेचा उपयोग मोठा आहे. पाण्याने जो ओरखडा लपतो, तो पारदर्शक लेपातलाच, आणि तो पॉलिशने जाण्याची आशा आहे. ज्यात नख अडकते, तो बहुधा फार खोल असतो. पत्राच उघडा पडला असेल तर घासण्यात अर्थ नाही. तेथे पावसाळ्यापूर्वी रंग भरावा, नाहीतर पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंज आपले काम सुरू करील.

यंत्र काय करते?

आलापल्लीच्या सागाचा दरवाजा बनवणारा सुतार पाहिला असेल. तो आधी भरड पॉलिशपेपर घेतो, मग बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे त्याहून लहान ओरखडे सोडतो. मोटारीचे पॉलिश अगदी तसेच असते. पॉलिशच्या मलमात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे, श्रेणीत नवव्या पायरीवरचे, अतिसूक्ष्म कण असतात. ते ओरखड्याच्या भोवतालचा लेप थोडाथोडा खरवडतात. सभोवतालची पातळी खाली येत येत खाचेच्या तळाला पोचली की खाच संपली!

हे आहे आपल्या प्रश्नाचे उत्तर. ओरखडा कुठेच जात नाही. त्याच्या शेजारचा सगळा लेप निघून जातो. दोन मायक्रॉनचा खड्डा घालवण्यासाठी अख्ख्या टपाचे दोन मायक्रॉन द्यावे लागतात.

मग शेवटच्या, सर्वांत बारीक ओरखड्यांचे काय? ते उरतातच. झिलईचे हे मर्म न्यूटनने १७०४ साली ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात सांगितले होते: घासल्याने ओरखडे नष्ट होत नाहीत, ते दिसेनासे होण्याइतके लहान होतात. पुढे लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा एक निकष आला. पृष्ठभागाचा खडबडीतपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाहून कमी असला, तर तो प्रकाशाच्या दृष्टीने गुळगुळीत ठरतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन घेतली, तर हा भाग येतो सुमारे ०.०७ मायक्रॉन.

यंत्राचा वेगही मोजून पाहू. १५ सेंटिमीटर व्यासाचे पॅड मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेते. त्याचा परीघ ०.४७ मीटर. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, ताशी ४२ किलोमीटर! सरासरी वेग ८ मीटर, हाताचा जोर ५० न्यूटन आणि घर्षणांक ०.४ धरला, तर सेकंदाला १६० ज्यूल उष्णता तयार होते. एका जागी यंत्र रेंगाळले तर लेप भाजतो. पोलादी पत्रा ही उष्णता लवकर पसरवतो, पण बंपरच्या प्लॅस्टिकची उष्णतावाहकता पत्र्याच्या दोनशेव्या भागाइतकीच असते. म्हणून बंपर लवकर खराब होतो. दरवाजाच्या कडांवर सारा जोर चिंचोळ्या पट्टीवर येतो, तेथेही हीच भीती. यासाठी दुहेरी गतीचे यंत्र निघाले आहे. त्यात पॅड फिरते आणि त्याचा मध्यही लहानशा वर्तुळात फिरतो, त्यामुळे कोणताही कण त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा घासत नाही. काम हळू होते, पण धोका कमी.

शेवटी मेण

मेण ओरखडा घालवत नाही. त्याचा अपवर्तनांक साधारण १.४५, लेपाच्या जवळचा, म्हणून ते पाण्याप्रमाणेच खाच झाकते, आणि पाण्यासारखे वाळून जात नाही. कुणी न घासता नुसते मेण लावून ‘ओरखडे काढले’ म्हणाले, तर काही धुण्यांनंतर ते परत दिसू लागतील. तरी मेण निरुपयोगी नाही. त्यावर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावरल्यासारखे थेंब होऊन घरंगळते आणि धूळही सोबत नेते.

पण कोणते मेण? आपल्या जंगलातल्या आग्या मोहोळाचे मेण का नको? चंद्रपूरचा मे महिना आठवा. हवा ४६ अंश सेल्सिअसला पोचते आणि गडद पत्रा उन्हात त्याहून वीस-पंचवीस अंशांनी सहज अधिक तापतो. मधमाशीचे मेण ६२ ते ६५ अंशांनाच वितळते, मग ते टिकणार कसे? ब्राझीलमधील कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरील मेण मात्र ८२ ते ८६ अंशांपर्यंत घट्ट राहते. कोरड्या, तापल्या मुलखात पानातले पाणी उडू नये म्हणून त्या झाडाने केलेली ही सोय आहे. गाडीच्या मेणात त्याचा मान मोठा आहे तो याच कारणाने.

चाळीसचा हिशेब

आता जमाखर्च मांडा. जमा ४० मायक्रॉन. जोरकस घासणीत दर वेळी दोन-चार खर्च. अतिनील किरण अडवायला पुरेसा लेप शिल्लक हवा, म्हणून साऱ्या आयुष्यात आठ-दहा मायक्रॉनांहून अधिक काढू नयेत. म्हणजे गाडीच्या जन्मात तीन-चारच जोरकस पॉलिश! दर दिवाळीला यंत्र फिरवले तर चार-पाच वर्षांतच हिशेब तुटीत जातो, आणि मग चमक तर जातेच, खालचा रंगही विटतो. हा खर्च कोणतेही मेण भरून काढत नाही.

म्हणून उद्या घरची मोटरसायकल पुसायला फडके हाती घ्याल, तेव्हा आधी सावलीत तिच्यावर बादलीभर पाणी ओता. गारेचे कण सुटे होऊन वाहून जाऊ द्या. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेले मऊ फडके हलक्या हाताने फिरवा आणि ते वारंवार स्वच्छ पाण्यात खळबळा. एवढ्याने जे मायक्रॉन वाचतील, ते जगातल्या कुठल्याही यंत्राला परत आणता येणार नाहीत.